आकाशपाळणा आधी, तर्री पोहे नंतर

ताई, पोट्ट्यांना घेऊन शनिवारी सातला कार्निव्हलला जायचं म्हणताय, त्यापेक्षा पाचलाच आत शिरा. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवे लागले की गर्दी उसळते. सगळ्यात आधी आकाशपाळणा उरका. त्याची रांग फसवी असते : बारा पाळण्यांतली माणसं उतरवून नवी भरायला चाक बारा वेळा थांबवावं लागतं. ब्रेकडान्स नावाच्या गरगर फिरणाऱ्या झुल्याच्या गाड्या एकाच वेळी भरतात, म्हणून ती रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. कार्निव्हलची मिरवणूक सुरू झाली की पाळण्यांकडची गर्दी ओसरते. बाकीचे मोठे झुले तेव्हा गाठा.

बसल्यावर मांडीवरचा बार स्वतः वर ओढून पाहा. जरा जरी सुटला तर लाजू नका, झुला सुरू व्हायच्या आत ऑपरेटरला हाक मारा. गो-कार्टला ओढणी काढून ठेवा, केस घट्ट बांधा. चाकाच्या फिरत्या दांड्यात ते गुंडाळले जातात आणि हा धोका खरोखर जिवावरचा आहे. उंचीच्या पट्टीत मूल बसत नसेल तर गळ घालू नका, बार त्याच्या मांडीला टेकणारच नाही.

तर्री पोहे, सांबारवडी (आपली कोथिंबिरीची वडी) शेवटी. भरल्या पोटी गोल फिरलं की मळमळतंच. वर गार वारा झोंबतो, म्हणून कानटोपी हवी. गर्दीत नेटवर्क अडकतं, तेव्हा सुटे पैसे ठेवा आणि मुलांच्या मनगटावर तुमचा नंबर पेनानं लिहा.