दहावीच्या 34 पोरांना कोणकोणती कामं दाखवू?

मॅडम_आर्णी

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. यंदा दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. 34 पोरं, त्यात 19 पोरी. बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी (कापूस) नाहीतर सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी. काहींकडे तेवढंही नाही, मायबाप रोजीनं जातात. कापूस फुटला की पाच-सहा जण आईसोबत वेचायला जातात आणि पंधरा पंधरा दिवस वर्गात दिसत नाहीत.

मागच्या शनिवारी शेवटच्या तासाला सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. पुढे काय करायचं ते लिहा, नाव टाकू नका, म्हटलं. पोलीस 13, मिलिटरी 5, डॉक्टर 4, नर्स 3, शिक्षक 2. एकानं नुसतं "जेसीबी" लिहिलं. सहा चिठ्ठ्या कोऱ्या आल्या.

घरी येऊन त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. पोरांनी जी माणसं पाहिली तीच लिहिली आहेत. भरतीची तयारी करणारे पोट्टे रोज पहाटे आमच्या डांबरी रस्त्यावर धावतात. सिस्टर उपकेंद्रात भेटते. शिक्षक तर आम्ही समोरच उभे. जेसीबी उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायला आला होता, तेव्हा हे पोरगं आठ दिवस काठावर बसून होतं. कोऱ्या चिठ्ठ्यांचं मला जास्त लागलं. त्या सहा जणांना कोणाकडे पाहून "असं व्हावं" वाटावं असं कोणी भेटलंच नसेल.

एका पोरीबद्दल वेगळं लिहिते. शाळेतली पाण्याची मोटर बंद पडली तेव्हा स्टार्टर उघडल्यावर कॉन्टॅक्ट जळाल्याचं सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं. बाबांच्या बॅटरीवरच्या फवारणी पंपाची तुटलेली वायर घरी तीच जोडते. तिचं अक्षर मी ओळखते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, नर्स. नर्स होणं चांगलंच आहे, पण तारांचं काम पोरीही करतात हे तिनं कधी पाहिलेलं नाही.

दहावीनंतर काय, असा बाणांचा मोठा तक्ता वर्गात लावून दोन वर्षं झाली. त्याच्यासमोर उभं राहून वाचताना मी एकालाही पाहिलं नाही. घरचे लोक एकच विचारतात, "मॅडम, सायन्स घेऊ का आर्ट?"

मुख्याध्यापकांनी महिन्याचा एक शनिवार मला दिला आहे, फेब्रुवारीपर्यंत पाच मिळतील. कोणाला बोलवू? पोरांना कुठे नेऊ? पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, पण तो गाव ते शाळा एवढाच चालतो, म्हणजे यवतमाळला न्यायचं तर भाडं जमवावं लागेल. ज्यांनी ही वाट स्वतः चालली आहे त्यांनी सांगा. आत्ता या वयात काय कळलं असतं तर बरं झालं असतं?

फिटर_दुर्गापूर

मॅडम, मी वरोरा तालुक्यातला. आता चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रात कामाले आहो. दहावीत मले 52 टक्के होते. बाबा म्हणे पुरे झालं, वावरात ये. मामाजीनं आयटीआयचा फॉर्म भरून आणला म्हणून मी आज इथं आहो.

शनिवारी पोरं नेऊ नका. मधल्या वारी न्या, मशीन चालू असतात तेव्हा. तुमच्या तालुक्याच्याच आयटीआयले न्या, यवतमाळले जायची गरज नाही. निदेशकाले, म्हणजे तिथं ट्रेड शिकवणाऱ्याले, आधी भेटून सांगा का पोरांच्या हातात काही द्या, नुसतं फिरवू नका. फिटरचे पहिले महिने लोखंडाचा तुकडा कानसीनं घासण्यात जातात. काटकोन जुळला नाही तर पुन्हा घास. हात भरून येतात. अर्ध्या तासात पोराले समजते का हे आपल्याले जमते का नाही. त्या पोरीले इलेक्ट्रिशियनच्या टेबलापाशी उभी करा, बाकी ती पाहून घेईल.

इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर दोन वर्षांचे. वेल्डर एका वर्षाचा. दहावी नापास झालेल्या पोरालेही वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड मिळतात, हे वर्गात मोठ्यानं सांगा. नापास झालं का पोट्टे तोंड लपवून पुण्याले कंपनीत हेल्परले जातात, हे मी आमच्याच गावात पाहिलं. पास झाल्यावर अप्रेंटिस करा लागते. वीज केंद्रं आहेत, कोराडी, खापरखेडा, पारस, आमचं चंद्रपूर. वणी-माजरीकडं वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळशाच्या खाणी आहेत. भद्रावती, जवाहरनगर, अंबाझरीले आयुध निर्माणी आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमनचं प्रमाणपत्र मागतात. आणि पुढं शिकायचं असन तर दोन वर्षांच्या ट्रेडवरून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाले जाता येते. माह्यासोबतचा एक जण तसाच गेला, आता ज्युनिअर इंजिनिअर आहे.

फॉर्म भरताना एक चूक सगळेच करतात. एकच पर्याय टाकतात, नाहीतर मित्रानं टाकला तोच पहिला टाकतात. पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला का प्रवेश घ्यावाच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून पहिला नंबर मनापासून पाहिजे. खाजगी आयटीआय घेत असन तर आधी जाऊन मशीन पाहा, चालू करून दाखवा म्हणा.

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

ताई, तुमचं वाचून माझाच वर्ग आठवला. मी अधिपरिचारिका आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेलं. तुम्ही बोलवाल त्या शनिवारी सुट्टी काढून येईन.

नर्स लिहिणाऱ्या तिघींना आधी फरक सांगा. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, तिन्ही बारावीनंतर. जीएनएम बारावी आर्टवरही होतं, पण बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. म्हणून नर्स व्हायचं ठरलेलं असेल आणि विज्ञान झेपत असेल तर अकरावी सायन्स घ्यावं, दोन्ही दारं उघडी राहतात. आणि पैसे भरण्याआधी कॉलेजला भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का ते स्वतः बघावं. माझ्या मावसबहिणीनं एका ठिकाणी पैसे भरले. वर्षभरानं कळलं की मान्यताच नाही. तिच्या बाबांनी बैलजोडी विकून ते पैसे उभे केले होते.

पण मला खरं सांगायचं आहे ते कागदांबद्दल. माझं एक वर्ष मार्कांमुळे नाही, जात वैधता प्रमाणपत्रामुळे गेलं. बारावीचा निकाल लागला, सीट लागत होती, आणि वैधता नव्हती. आम्ही ओबीसी. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग दाखला कुठून आणायचा? बाबा दोन महिने तहसीलच्या चकरा मारत होते, एकेक चकरेला रोजी बुडत होती. शेवटी एका म्हाताऱ्या अर्जनविसानं सुचवलं, कोतवाल पंजी काढा. अभिलेखागारातल्या त्या जुन्या वहीत आजोबांच्या जन्माची नोंद जातीसकट निघाली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा प्रवेश संपले होते.

तुमच्या वर्गात बंजारा पोरं असतीलच. विमुक्त जाती, भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाचा तरी जुना दाखला, कोतवाल पंजी, अधिकार अभिलेख, जे मिळेल ते दहावीतच शोधायला लावा. अकरावी-बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत अर्ज जातो, तेव्हा हे तयार असलं पाहिजे. घरात कोणाची वैधता आधी झाली असेल तर ती सगळ्यात मोठा आधार. पाचातला एक शनिवार फक्त यासाठी ठेवा आणि त्या दिवशी पोरांऐवजी त्यांच्या बाबांना बोलवा.

राहण्याच्या खर्चाचंही त्याच दिवशी सांगा. खर्चाच्या भीतीनंच पोरींचं नाव निघतं. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना स्वयंम. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्याला अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो. आमच्या घरी तो दाखला निघू शकत होता. आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

पहाटेचा_धावणारा

मॅडम, तुमच्या रस्त्यावर पहाटे धावतात तसाच मी एक. दिग्रसकडचा. चार वर्षं झाली.

13 पोरांनी पोलीस लिहिलं, त्यांना मोडता घालू नका. पण सोमवारीच त्यांची उंची मोजा, अनवाणी, भिंतीला टाच लावून. मुलांना 165 सेंटिमीटर लागते, मुलींना 155. माझा जोडीदार तीन वर्षं माझ्यासोबत धावला. घरी बूट घालून मोजली होती. मैदानावर पट्टीखाली उभा राहिला आणि पहिल्याच टेबलावरून परत आला. परतीच्या गाडीत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दहावीतली पोरं अजून वाढतील, पण कुठे उभे आहोत ते माहीत असावं.

मैदान 50 मार्कांचं, मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मुलींना 1600 च्या जागी 800. लेखी 100 मार्कांची. सगळे मैदानाच्या मागे लागतात. मी दोनदा मैदान काढलं आणि दोन्ही वेळा लेखीत राहिलो, एकदा तीन मार्कांनी. गणित आणि मराठी व्याकरण. जे तुम्ही लोक आठवी-नववीत शिकवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

बारावी पास लागते, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. मिलिटरीवाल्या पाच जणांना सांगा, अग्निवीर साडेसतराच्या पुढे थोड्याच वर्षांत होता येतं, नोकरी चार वर्षांची, त्यातून 25 टक्क्यांपर्यंतच लोकांना पुढे ठेवतात. चार वर्षांनी परत आल्यावर काय, याचं उत्तर जाण्याआधी तयार पाहिजे. मी आता मुक्त विद्यापीठातून पदवी करतो आणि मामाच्या दुकानात मोटर रिवाइंडिंग शिकतो. धावणं सुरूच आहे. हे शिकणं चार वर्षांपूर्वी सोबतच सुरू करायला पाहिजे होतं.

कास्तकार_दारव्हा

बाई, चौतीस चिठ्ठ्यांत वावर कोणीच लिहिलं नाही. मी त्याईले दोष देत नाही, आम्हीच घरी रोज म्हणतो, काहीही कर पण कास्तकारी करू नको.

पण वावराभोवतीचं काम त्याईले दाखवा. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. माह्या वळखीचा एक जण त्या वक्ती यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होता, डोये उघडत नव्हते त्याचे. कोणतं औषध कशात मिसळू नये हे सांगणारं शिकेल माणूस गावात असतं तर! दहावीवर कृषी पदविका होते, सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (आधी कृषी सहायक म्हणत) भरतीले ते चालते. कीटकनाशक विकायच्या परवान्यालेही आता शिक्षणाची अट आहे. बारावी सायन्सवर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पदवी आहे, पुसदजवळ वरुडले दुग्ध तंत्रज्ञानाचं कॉलेज आहे. अकोल्याले दरसाल शिवारफेरी असते, पोरं घेऊन जा. मी दोनदा गेलो. सोयाबीनचे इतके वाण एका जागी उभे पाहून माह्या पोराचे डोये मोठे झाले होते.

गाडीभाड्याचे हजार रुपये माह्याकडून. नाव लिहू नका.

मॅडम_आर्णी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून मगच लिहायचं होतं.

उंची मोजली. पोलीस लिहिणारे कोण हे माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांचीच मोजली. दोन मुलं आत्ताच 165 च्या वर आहेत, बाकीचे अजून वाढतील. एका मुलानं विचारलं, "मॅडम, लेखीचं गणित कोणतं असते?" दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत नऊ जण शेकडेवारी आणि काळ-काम-वेग सोडवायला बसतात.

कागदांचा शनिवार सिस्टरच्या सांगण्यावरून आधी घेतला. 34 पैकी 21 घरचे आले, वेचणी सुरू असताना. एका आजोबांनी धोतराच्या गाठीतून पिवळा पडलेला शाळेचा दाखला काढला, 1958 चा, चौथी पास. त्यांना वाटत होतं त्याचा आता काही उपयोग नाही. तांड्यावरच्या तिघांना त्याच एका दाखल्याचा आधार मिळणार आहे, सगळे चुलत भाऊ. कोणाचं काय सापडलं, काय राहिलं याची वही मी केली आहे.

बुधवारी आयटीआयला गेलो. शाळेतून दोन तास मिळाले आणि ऑटोचं भाडं दारव्ह्याच्या काकाजींच्या पैशातून दिलं. पोरांनी कानस धरली. जेसीबीवालं पोरगं डिझेल मेकॅनिकच्या उघड्या इंजिनापाशी इतका वेळ उभं होतं की निघताना त्याला हात धरून आणावं लागलं. इलेक्ट्रिशियनच्या खोलीत दोन मुली बोर्डावर वायरिंग करत होत्या. आमची पोरगी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. निदेशकांनी विचारलं, हा दिवा का लागत नसेल? तिनं टेस्ट लॅम्प मागितला, तीन जागी टेकवला आणि म्हणाली, न्यूट्रल सुटला आहे. सुटलेलाच होता.

परतताना ऑटोत तिनं मला हळूच विचारलं, इथे शिकणाऱ्या पोरी राहतात कुठे. मी सांगितलं. ती घरी जाऊन बोलली असावी, कारण काल तिची आई शाळेच्या फाटकापाशी आली, डोक्याला कापूस वेचायचा फडकाच बांधलेला होता. म्हणाली, "जागा पाहाले येतो म्हणते मी. पोट्टी कुठं उभी राहीन, ते पाह्यलं पाहिजे." येत्या बुधवारी ती एक दिवसाची रोजी पाडणार आहे. दोघींना घेऊन मी सकाळच्या एसटीनं जाते आहे.