बी विंगच्या उतारावरची खट-खट

(नाशिकमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार

वैद्य मॅडम बी-१०१ (६:०४): आज पुन्हा पावणेसहाला तोच आवाज. खट... खट-खट. आमची बेडरूम उताराच्या बरोबर वर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर नातीला घेऊन बसलेल्या सुनेचा जेमतेम डोळा लागतो आणि हे सुरू होतं. कोणाचं नाव घेत नाही. ज्यांचं त्यांना कळलं असेलच.

मोरे ताई सी-३०१ (६:१५): 🌺 शुभ सकाळ. हसत राहा, निरोगी राहा 🌺

कुलकर्णी ए-३०४ (६:५२): नाव घ्या ना मॅडम, लपवण्यासारखं काय आहे त्यात? माझीच स्विफ्ट. सिन्नरला फर्स्ट शिफ्ट आहे, उशिरा निघून चालत नाही. त्या आवाजाने मी स्वतः वैतागलोय.

पवार ए-२०२ (७:१०): आवाज गाडीचा नाही. चेंबरच्या झाकणाचा आहे. गणपतीपासून सांगतोय.

निकम सी-१०४ (७:३१): दादा, २००९ ची गाडी आहे. आता तिला व्हीआरएस द्या 😄

कुलकर्णी ए-३०४: मागच्या वर्षी आरसी रिन्यू केली आहे. पाच हजार फी, पर्यावरण कर वेगळा. पासिंगला गाडी उभी केली, पास झाली. आता पाच वर्षं कोणाच्या बापाला घाबरत नाही. म्हणजे तुम्हाला नाही म्हटलं.

निकम सी-१०४: पंधरा वर्षं झाली की स्क्रॅपच करावी लागते ना पण?

अहिरे बी-२०३: ते दिल्लीला निघालं होतं. पेट्रोल पंधरा वर्षं, डिझेल दहा. इथे फिटनेस पास झाली की चालते. अर्धवट माहिती ग्रुपवर टाकू नका हो.

निकम सी-१०४: विचारलं फक्त. प्रश्नचिन्ह आहे शेवटी.

सेक्रेटरी गायकवाड: कृपया सोसायटीच्या कामाचेच मेसेज टाकावेत 🙏

वैद्य मॅडम बी-१०१: माझी झोप हे सोसायटीचं काम नाही का?

कुलकर्णी ए-३०४ (१:२०): जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. शनिवारी गॅरेजला दाखवली होती. कुठल्या ते लिहीत नाही. चार शॉकअप (धक्के खाणारे), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे), चाकांची अलाइनमेंट, मजुरी धरून २२,४०० सांगितले. वर म्हणतो, "एवढं केल्यावर बहुतेक जाईल." बहुतेक! कोणाचा ओळखीचा माणूस आहे का?

अहिरे बी-२०३: माझ्या जुन्या गाडीला असंच केलं होतं. शॉकअप झाले, आर्म झाले, मग म्हणे स्टेअरिंग रॅक. आवाज शेवटी सायलेन्सरच्या तुटलेल्या रबराचा निघाला. रबर कितीला? दीडशेला.

पवार ए-२०२: चेंबरचं झाकण एकदा बघून घ्या कोणीतरी.

शिंदे काका बी-४०२ (२:४५): कुलकर्णी, एक रुपया टाकू नका अजून. आवाज कुठून येतो ते नंतर बघू. आधी कधी येतो ते सांगा. गाडीच्या पत्र्यातून आवाज पळतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो, त्यामुळे कानावर जाऊ नका. गाडी उभी असताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर स्प्रिंग टंग करून उडी मारते का? मारत असेल तर शॉकअपचं वरचं माउंटिंग. पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की चाकाच्या फेऱ्याबरोबर कट-कट-कट होतं का? मग एक्सलचा जॉइंट. वेग वाढेल तशी वाढणारी घुंई असेल तर बेअरिंग. आणि खट-खट चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवून बघा. थांबली तर ब्रेक पॅड हलतायत, सस्पेंशनला हात लावायचं कारणच नाही. या सगळ्याच्या आधी डिकी रिकामी करा.

निकम सी-१०४: काका, एवढं माझ्या यूपीएससीच्या पोराला पण विचारत नाहीत.

शिंदे काका बी-४०२: सातपूरला टूलरूममध्ये जन्म गेला माझा. तुमच्या गाडीला आवाज आला की तुम्ही ॲप उघडता, आम्ही बोनेट उघडायचो.

कुलकर्णी वहिनी ए-३०४ (७:४०): डिकी रिकामी केली. जॅक, स्टेपनी, दोन छत्र्या, भाच्याची क्रिकेटची बॅट आणि वणीहून आणलेला नारळ निघाला. देवीचा नारळ गेला दसऱ्यापासून डिकीत आहे आणि मी घरात शोधतेय.

मोरे ताई सी-३०१: अगं बाई! म्हणजे आवाज नारळाचा होता 😂

कुलकर्णी ए-३०४: नव्हता. रिकामी गाडी घेऊन फेरी मारून आलो, खट-खट तशीच आहे. काका, स्टेअरिंग फिरवून पाहिलं, काही नाही. ब्रेकवर पाय ठेवला तरी फरक नाही. पुणे हायवेला लागलो की साठ-सत्तरला गाडी एकदम शांत. हळू चालवताना, सिंहस्थासाठी जिथे जिथे खोदून ठेवलंय तिथे वाजते. आणि सगळ्यात जास्त आपल्या बी विंगच्या ब्रेकरवर.

शिंदे काका बी-४०२: ब्रेकर कसा घेता? सरळ की तिरका?

कुलकर्णी ए-३०४: पावसाचं पाणी जायला डावीकडे गॅप सोडलीय ना, डावी चाकं त्यातून काढतो. नाहीतर गाडीचं पोट घासतं. १७० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आहे म्हणे, पण आत चार माणसं बसल्यावर कुठला १७० राहतोय.

अहिरे बी-२०३: मुळात तो ब्रेकर आहे की बांध? सगळ्यांच्या गाड्या घासतात. कोणाच्या आग्रहाने घातला ते आता काढत नाही.

वैद्य मॅडम बी-१०१: काढा की. माझ्या आग्रहाने. मुलं खेळत असताना तुमचीच गाडी सुसाट आत आली होती, अहिरे साहेब. मी ब्रेकर मागितला होता. अर्धा फूट उंच करा असं मी सांगितलं नव्हतं, ते कमिटीला विचारा.

सेक्रेटरी गायकवाड: ठराव एकमताने झाला होता. मिनिट्स बघाव्यात 🙏

शिंदे काका बी-४०२: नुसत्या उंचीचा प्रश्न नाही, रुंदीचाही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, गोलाकार. म्हणजे गाडी चढते आणि उतरते. आपल्या कंत्राटदाराने दोन फुटांत सहा इंच चढवला. त्यावर गाडी चढत नाही, आदळते. असो. कुलकर्णी, उद्या पोट घासलं तर घासू दे, गॅपमधून काढू नका. एकदम सरळ, दोन्ही चाकं बरोबर चढली पाहिजेत. अगदी सावकाश.

पवार ए-२०२: आणि झाकणावरून न जाता न्या. म्हणजे सगळ्यांना कळेल.

मंगळवार

वैद्य मॅडम बी-१०१ (६:२०): आज खट-खट नाही आली. खरवडल्यासारखा एक आवाज आला, पण झोपमोड झाली नाही.

कुलकर्णी ए-३०४ (६:५५): सरळ घेतला. पोट घासलं, खट मात्र एकदाही नाही! आणि पवार साहेब, झाकणावरूनच गेलो मुद्दाम.

पवार ए-२०२: गाडीला वजन किती. हलक्या गाडीने झाकण वाजत नाही.

निकम सी-१०४: सोमवारी मग काय ट्रकने गेले होते का 😄

शिंदे काका बी-४०२ (८:३०): वाटलंच होतं. सगळ्यांना कळेल असं सांगतो. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक वाकडी लोखंडी दांडी असते, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती जागच्या जागी फिरते. एकच चाक वर गेलं की मात्र ती पिळते, आणि हा पीळ चाकापर्यंत नेणारा तिच्या टोकाचा छोटा लिंक असतो, त्यावर सगळा जोर येतो. मेकॅनिक लोक जंपिंग रॉड म्हणतात. त्याचा गोटीचा जॉइंट झिजला की खड्ड्यात खट-खट, हायवेला शांत. शॉकअप गेला असता तर हायवेला गाडी होडीसारखी हेलकावली असती. तसं काही तुमच्या बोलण्यात आलं नाही.

अहिरे बी-२०३: पण गॅरेजवाल्याने जॅक लावून चाक हलवून बघितलं असेल ना.

शिंदे काका बी-४०२: बघितलं असणारच, आणि तिथेच गोम आहे. एका बाजूला जॅक लावला की तेच चाक लोंबतं, बार पिळतो, लिंकवर ताण बसतो. मग ढिला लिंकसुद्धा घट्ट लागतो. जॅकवर वर-खाली हलवून बॉल जॉइंट आणि बेअरिंग कळतं, आडवं हलवून स्टेअरिंगचा टाय रॉड कळतो. लिंक बघायचा तर चारी चाकं जमिनीवर हवीत आणि माणूस खाली हवा. आज संध्याकाळी बघू. बॅटरी आणा.

मोरे ताई सी-३०१: बॅटरी कसली? गाडीत असते ना?

शिंदे काका बी-४०२: टॉर्च हो ताई.

कुलकर्णी वहिनी ए-३०४ (रात्री ८:५०): पाऊण तास झाला, दोघं पार्किंगमध्ये पालथे पडलेत. अहिरे भाऊजी वरून गाडी हलवतायत. पिठलं दोनदा गरम केलं, आता करणार नाही.

कुलकर्णी ए-३०४ (९:२५): सापडलं!! डाव्या लिंकचं रबरी बूट फाटलंय, आत ग्रीसच्या जागी काळा चिखल. काकांनी जॉइंटवर बोट ठेवायला लावलं आणि अहिरेंना म्हणाले, चाकावरचा पत्रा दाबून गाडी हलवा. बोटाला टक-टक लागतं, कानाला काहीच नाही. उजवीकडे तेच केलं, तिथे अगदी किंचित. शॉकअप दोन्ही कोरडे, तेलाचा ओघळ नाही. कोपरा दाबून सोडला की गाडी एकदाच वर येऊन थांबते.

अहिरे बी-२०३: माझ्या शर्टाचं काय ते पण बघा.

निकम सी-१०४: अभिनंदन. पण मुद्दा तोच आहे, इलेक्ट्रिक घेतली की ही कटकटच नाही.

शिंदे काका बी-४०२: निकम, तुमच्या गाडीलाही लिंक आहे, सांध्यातलं रबरी बुश आहे, बॉल जॉइंट आहे. बॅटरीचं वजन वरून. खड्डा काय विचारून आदळतो का, बाबा पेट्रोल की इलेक्ट्रिक?

अहिरे बी-२०३: आणि चार्जिंगचं बिल कॉमन मीटरवर किती आलं तेही एकदा येऊ द्या ग्रुपवर.

निकम सी-१०४: आलं परत तेच. सब-मीटर लावलाय मी, स्वतःच्या पैशाने. फोटो तीनदा टाकलाय.

सेक्रेटरी गायकवाड: हा विषय एजीएममध्ये घेऊ. ग्रुपवर नको 🙏

बुधवार

मोरे ताई सी-३०१: कुलकर्णी वहिनी, आमच्याकडे दार करकरलं की खोबरेल तेल सोडतो. तिथे दोन थेंब सोडून बघा ना, खर्च कशाला.

शिंदे काका बी-४०२: नको हो ताई. झिजलेला जॉइंट तेलाने भरून येत नाही, आणि बाजूच्या रबरी बुशवर तेल गेलं तर रबर फुगून मऊ पडतं. गॅरेजवालेही बुशवर इंजिन ऑइल मारून देतात, चार दिवस गप्प बसतं. मारायचाच असेल तर सिलिकॉन स्प्रे.

पवार ए-२०२: चेंबरचं झाकण. आठवण.

रविवार

कुलकर्णी ए-३०४ (१२:१०): झालं काम. द्वारका चौकाजवळच्या दुकानातून दोन्ही लिंक आणले, जोडी १,३५०. उजवाही बदलला, काका म्हणाले एक नवा एक जुना ठेवू नका. एका ओळखीच्या मेकॅनिकने चारशे मजुरी घेतली. डावा नट गंजून असा बसला होता की पाना लावला की आतला स्टडच फिरायचा. शेवटी ग्राइंडरने कापला. अलाइनमेंटची गरज नव्हती, लिंकने चाकाचा अँगल बदलत नाही.

कुलकर्णी ए-३०४: आणि गॅपमधून दहा वेळा काढून बघितली. चूप.

अहिरे बी-२०३: २२,४०० चं १,७५० मध्ये. त्या गॅरेजचं नाव सांगाच आता.

सेक्रेटरी गायकवाड: नाव टाकू नये 🙏 उगाच नोटीस यायची सोसायटीला.

शिंदे काका बी-४०२: लोअर आर्मच्या बुशला बारीक चिरा आहेत, त्या मी दाखवल्यात कुलकर्णींना. आज घाई नाही, पावसाळ्यानंतर करा. तेव्हा एक लक्षात ठेवा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी वर लटकलेली असताना आवळले तर खाली उतरवल्या क्षणापासून रबर पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. समोर उभे राहून करून घ्या. आर्म काढला की अलाइनमेंट मात्र लागेल.

वैद्य मॅडम बी-१०१: छान झालं. उद्या सकाळी सांगते.

सोमवार

वैद्य मॅडम बी-१०१ (६:१८): कुलकर्णींची गाडी गेली ते कळलंसुद्धा नाही. धन्यवाद. पण सहा दहाला ठण्णकन् केवढा आवाज आला! पाळण्यातलं मूल दचकून उठलं. मी गॅलरीतून बघितलं. पाण्याचा टँकर होता.

पवार ए-२०२ (६:१९): झाकण.

पवार ए-२०२ (६:१९): चेंबरचं झाकण.

निकम सी-१०४: पवार साहेबांना आज चहा माझ्याकडून.

पवार ए-२०२: चहा नको, झाकण बदला. सध्याचं एमडी-१० आहे, म्हणजे दहा टनाचं. टँकरमध्ये दहा हजार लिटर पाणी, ते पाणीच दहा टन झालं, टँकर वेगळा. तिथे एचडी-२० पाहिजे, वीस टनाचं. हे मी लेखी दिलंय.

सेक्रेटरी गायकवाड: अर्ज मिळालेला आहे. दोन कोटेशन मागवतो. परंतु ज्यांची मेंटेनन्सची थकबाकी आहे त्यांनी आधी भरावी, म्हणजे खर्च करता येईल.

अहिरे बी-२०३: रोख कोणाकडे आहे हा?

सेक्रेटरी गायकवाड: कोणाकडेच नाही. जनरल आहे.

शिंदे काका बी-४०२: पवार, नुसतं झाकण मागवू नका. फ्रेम वाकली असेल तर नवं झाकणही महिन्यात वाजायला लागेल. फ्रेमसकट घ्या, आणि खाली सिमेंट नीट सुकेपर्यंत टँकर ए विंगच्या गेटने येऊ द्या.

पवार ए-२०२: फ्रेमचा टँकरकडचा कोपरा दबलाय. पट्टी ठेवून फोटो काढलेत, टाकतो.

सेक्रेटरी गायकवाड: इथे नको, कमिटीच्या ग्रुपवर टाका 🙏

पवार ए-२०२: त्या ग्रुपवर मला घेतलं कुठे आहे?