फोनो स्टेजचे व्हॉल्व्ह बदलले की 'पडदा उठतो' म्हणे

ओहमकार
फोनो स्टेज, म्हणजे तबकडीच्या सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, त्यातल्या व्हॉल्व्हबद्दल तबकडीवाल्यांनी ठोकून दिलंय: "चालू बनावटीचे 12एएक्स7 व्हॉल्व्ह काढा, जुने म्युलार्ड कंपनीचे बसवा, पडदा उठल्यासारखा आवाज मोकळा होतो. 12एयू7, 5751 काहीही आलटून पालटून लावा, पिना त्याच." या शेवटच्या वाक्यामुळे लिहिणं भाग पडलं.

पिना त्याच, व्हॉल्व्ह तो नाही. 12एएक्स7 चा गुणक (जास्तीत जास्त किती पट वाढवेल तो आकडा) 100, 12एयू7 चा जेमतेम 17-20. ॲनोडला (व्हॉल्व्हमधून आवाज बाहेर पडतो त्या टोकाला) 100 के, म्हणजे एक लाख ओहमचा रोध असेल तर एका टप्प्याला 55 पटीऐवजी 14-15 पट मिळणार. दोन टप्प्यांत 23 डेसिबल गेले. मुळात 40 डेसिबलच्या फोनो स्टेजचं उरलं काय? मग पुढे व्हॉल्यूम पिळायचा, हम वाढला की तारा बदलायच्या. आरआयएए, म्हणजे तबकडीत दाबलेला खर्ज आणि चढवलेला वरचा आवाज पूर्ववत करणारा वक्र, पॅसिव्ह (नुसत्या रोध-कपॅसिटरचा) असेल तर आणखी घोळ. 12एएक्स7 चा आतला रोध 60 के च्या आसपास धरून फिल्टर आखलेला असतो. तिथे दहा के च्या आतबाहेरचा व्हॉल्व्ह खुपसला की त्या वक्राचं 3180, 318, 75 मायक्रोसेकंदांचं गणित बिघडलं.

तबकडीवाला
12एयू7 चं चुकलं, घ्या. पण 5751 तर 12एएक्स7 चाच शांत भाऊ. गुणक 70, टिचकी मारली तरी घंटेसारखा वाजत नाही. त्यालाही नाक मुरडणं म्हणजे निव्वळ हट्ट.

ओहमकार
हट्ट नाही, फीडबॅक. आरआयएए फीडबॅकमध्ये (बाहेरचा थोडा आवाज उलटा करून परत आत देणाऱ्या जोडणीत) असेल तर 1 किलोहर्ट्झच्या 40 डेसिबलसाठी 20 हर्ट्झला जवळजवळ 60 लागतात. 12एएक्स7 चे दोन टप्पे मिळून 70 देतात, म्हणजे खर्जात फीडबॅकला उरले दहा. 5751 लावला की त्यातले तीन-चार गेले आणि अगदी तळाचा खर्ज साधारण एक डेसिबलने पडला. त्यालाच लोक 'घट्ट बेस' म्हणतात.

जुनासोल्डर
तुमचं चालू द्या, पण वाचणाऱ्याचे हात भाजायला नकोत. प्लग भिंतीतून काढा. फिल्टर कपॅसिटरवर 250-300 व्होल्ट बसलेले असतात, मल्टिमीटर 10 च्या खाली येईपर्यंत आत बोट नको. व्हॉल्व्ह गार झाल्यावर किंचित डुलवत सरळ वर काढा. पिळलात तर तळाची काच तडकते, आत हवा शिरते आणि टोकावरचा चंदेरी थर पांढरा पडतो. मग तो कचरा.

नवा बसवून व्हॉल्यूम शून्यावर, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग पेन्सिलच्या रबराने हलकी टिचकी. ठण्ण वाजला तर लाइन स्टेजला (फोनोच्या पुढच्या, कमी वाढवणाऱ्या टप्प्याला) द्या, फोनोच्या पहिल्या जागी नको. एका बाजूला खरखर असेल तर डावा-उजवा अदलाबदल करा: दोष बाजू बदलतो तर व्हॉल्व्ह, तिथेच राहतो तर सर्किट.

6डीजे8 हा वेगळाच व्हॉल्व्ह, तो त्या सॉकेटात मुळीच नको. त्याचा हीटर पिन 4 आणि 5 वर 6.3 व्होल्टचा, तिथे 12.6 आले की संपला. आणि टेलिफुंकन कंपनीचा जुना व्हॉल्व्ह म्हणून काही घेत असाल तर तळाच्या काचेत, पिनांच्या मधे, पत्त्यातल्या चौकटसारखी खूण उठावात हवी. छपाई काय, कुणीही करतं.

खरखर
सगळे व्हॉल्व्हमागे. संगीत नाटकांतल्या पदांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या) तबकड्या याच आरआयएएवर वाजवून 'गायक घोंगडं पांघरून गातोय' म्हणणाऱ्यांचं काय? हा वक्र 1954 चा. त्याआधीच्या बऱ्याच 78 ना खर्जाचं वळण 250-300 हर्ट्झला, वरचा भाग चढवलेला नाहीच किंवा अगदी थोडा. आरआयएए 10 किलोहर्ट्झला 13.7 डेसिबल उतरवतं!

तबकडीवाला
उतरवलं तर बरंच की, खरखर जाते.

खरखर
खरखरीबरोबर 'स' आणि 'श' पण जातात. उतार 2122 हर्ट्झपासून सुरू होतो हो! आधी सुई बदला. एलपीची 0.7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ला 3 मिलच्या आसपास हवी. बारीक सुई चराच्या तळाशी कचऱ्यात घासत जाते. मग दोन्ही चॅनल जोडून मोनो करा, सुईच्या वर-खाली हलण्याचा आवाज आपोआप कटतो. तुमच्या म्युलार्डपेक्षा दसपट फरक.

तबकडीवाला
आणि आयसोप्रोपिलने पुसायची. तेवढं येतं आम्हाला.

खरखर
थांबा!! लाखेच्या तबकडीला अल्कोहोल? कुठल्याही सुताराला विचारा, फ्रेंच पॉलिश कशात कालवतात ते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं, लगेच टिपून घ्यायचं. उद्या कुणी तुमचं वाचून आजोबांचा ठेवा पुसून टाकेल, अक्षरशः.

जुनासोल्डर
याबाबतीत खरखर यांचं सोळा आणे खरं. आवाज जरा खाली घ्या मात्र.

तबकडीवाला
बरं बाबा, अल्कोहोल मागे. पण म्हणजे म्युलार्डने काहीच होत नाही?

ओहमकार
होतं. तुमचा आधीचा व्हॉल्व्ह थकलेला असेल, किंवा डाव्या-उजव्यात दीड डेसिबलचा फरक असेल, तर चांगली जुळवलेली जोडी लावल्यावर गायक मधे येतो. पण जुळवलेली जोडी नवीही मिळते. आणि खरोखर वरचा आवाज बदलायचा तर कपॅसिटन्स बघा. 12एएक्स7 च्या ग्रिडवर (आवाज आत जातो त्या टोकावर) मिलर परिणामाचे, म्हणजे व्हॉल्व्ह आवाज वाढवताना फुगणाऱ्या कपॅसिटन्सचे, सुमारे 100 पिकोफॅरड आधीच आहेत, त्यात तार आणि टोनआर्मचे 200 धरा. 700 मिलीहेन्रीच्या एमएम कार्ट्रिजचा (सुई बसते त्या हलत्या चुंबकाच्या डबीचा) अनुनाद 300 ला 11 किलोहर्ट्झवर येतो, 200 ला साडेतेरावर. हा फरक कानाला कळतो, व्हॉल्व्हवरच्या छापाचा नाही.

तबकडीवाला
ठीक आहे महाराज. 'पडदा उठतो' खोडून 'जोडी जुळली तर गायक मधे येतो' असं लिहितो. तार दीड मीटरची आहे, अर्धी कापू?

ओहमकार
कापा. फुकट आहे.

खरखर
आणि ते अल्कोहोल आरसीए प्लगना लावा. तिथे चालतं.