फाइल चढत नाही, आणि ग्राहक सेवा ‘कॅशे साफ करा’ यापलीकडे जात नाही

वारणाकाठची:
वडिलांच्या रुग्णालयाच्या खर्चाचा दावा विमा कंपनीच्या संकेतस्थळावर दाखल करताना मी गेले आठ दिवस एकाच पायरीवर अडकले आहे. बिले आणि औषधांच्या पावत्या व्यवस्थित चढल्या. रुग्णालयातून सुट्टी दिल्याचे पत्र मात्र निवडले की पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच लाल अक्षरांत दिसते. फाइल पीडीएफ आहे, आकार ८०० केबी आहे आणि मर्यादा ५ एमबीची आहे. ‘आपले संकेतस्थळ चालत नाही, त्वरित दखल घ्यावी’ असे तीन ईमेल स्क्रीनशॉटसह पाठवले. तिन्ही वेळा कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या तात्पुरत्या प्रती) साफ करण्याचा आणि दुसरा ब्राउझर वापरण्याचा तोच छापील मजकूर आला, आणि तिसऱ्या वेळी तर माझ्या उत्तराची वाट न पाहता तक्रार बंद करण्यात आली. दोन्ही उपाय मी केव्हाच केले आहेत. तक्रार कशी लिहिली म्हणजे ती तंत्रज्ञापर्यंत पोहोचेल?

तिकीटखिडकी:
ताई, मी सहा वर्षे ग्राहक सेवेच्या पहिल्या फळीत काम केले आहे, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. तिथल्या माणसाला संकेतस्थळ दुरुस्त करता येत नाही. तयार उत्तर पाठवणे किंवा तक्रार पुढे वर्ग करणे एवढेच त्याच्या हाती असते. पुढे वर्ग केली, तर तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न असतो की हे माझ्या संगणकावर घडवून दाखवता येईल का. ‘संकेतस्थळ चालत नाही’ या वाक्यात त्याचे उत्तर नाही, उलट ते अर्धसत्य आहे, कारण आपली बाकीची कागदपत्रे चढली आहेत. आपल्या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे आणि ईमेलमध्ये नेमकी तीच राहून गेली.

संगणकावर ते पान उघडून एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा भाग निवडा आणि मग फाइल चढवा. जी ओळ लाल होईल तिच्यापुढचा क्रमांक टिपून घ्या. तो ५०० किंवा त्याच्या पुढचा असेल, तर बिघाड बहुधा त्यांच्या सर्व्हरच्या बाजूला आहे, आणि मग कॅशे साफ करण्याचा सल्ला पुन्हा देणे त्यांनाच अवघड जाते. वेळ मिनिटासह लिहा आणि ती भारतीय आहे असेही नमूद करा; सर्व्हरच्या नोंदी अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणजे आपले सकाळचे १०.४२ तिथे ५.१२ असतात, आणि साडेपाच तासांच्या या फरकात चुकीच्या नोंदी तपासून ‘काही आढळले नाही’ असे कळवणारे मी पाहिले आहेत.

एक सावधगिरी बाळगा. काही वेळा ते ‘हार फाइल’, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीची जतन केलेली नोंद, मागतात. तिच्यात आपल्या लॉगिनची ओळख पटवणाऱ्या कुकीही असू शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या कंपनीच्या ग्राहक सेवा प्रणालीत शिरलेल्यांनी ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइलींतून चालू सत्रांच्या खुणा उचलल्या होत्या. फाइल द्यावीच लागली, तर ती जतन करून झाल्यावर लॉगआउट करा आणि मगच पाठवा.

हिशेबनीस:
तांत्रिक तक्रार आणि दावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. तक्रार सुटेपर्यंत थांबल्यास दाव्याची मुदत टळू शकते, म्हणून सर्व कागदपत्रे आजच दावा विभागाला ईमेलने पाठवून पोच मागा. कंपनी दाद देत नसेल, तर विमा नियामकाचे ‘विमा भरोसा’ हे संकेतस्थळ आहेच. ग्राहकाने एफ१२ दाबून बिघाड शोधावा, हे मला मुळातच पटत नाही. पण तो वाद दाव्याचे पैसे आल्यावर घालू.

कानामात्रा:
त्या फाइलचे नाव मराठीत आहे का?

वारणाकाठची:
होय. ‘वडिलांचे रुग्णालयातून सुट्टीचे पत्र’ असे आहे. बाकीच्या फाइलींची नावे भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने दिलेली, म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि आकडे अशी आहेत. एफ१२ करून पाहिले. लाल ओळीपुढे ५०० आहे.

कानामात्रा:
मग माझा संशय नावावर आहे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजले, तर या नावात देवनागरीची ३२ चिन्हे आहेत. यूनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि वेबपत्त्यासाठी त्याचे टक्केचिन्हांत रूपांतर झाले, की ९ अक्षरे घेते. ३२ गुणिले ९ म्हणजे २८८. मधल्या तीन जागांचे ९ आणि शेवटच्या ‘बिंदू पीडीएफ’चे ४ धरून ३०१ होतात. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. संकेतस्थळ हे रूपांतरित नावच साठवू पाहत असेल, तर ते तिथे अडखळणार.

हा अंदाज आहे, म्हणून तो तपासा. त्याच फाइलला आधी फक्त ‘पत्र’ हे नाव द्या आणि चढवून पाहा. मग इंग्रजी नाव द्या. ‘पत्र’ चढले तर लांबीचा दोष, न चढता केवळ इंग्रजी नाव चालले तर त्यांना देवनागरीच चालत नाही.

वारणाकाठची:
‘पत्र’ या नावाने फाइल पहिल्याच प्रयत्नात चढली, आणि मूळ नाव परत देताच पुन्हा ५०० आला. आज पुढील तक्रार पाठवली: ‘दावा नोंदणीच्या तिसऱ्या पायरीवर सोबतची पीडीएफ मूळ लांब मराठी नावाने चढवल्यास त्रुटी ५०० येते, तीच फाइल “पत्र” या नावाने चढते. वेळ: आज सकाळी ११.०५, भारतीय वेळ. दोन संगणकांवर आणि दोन ब्राउझरवर पडताळले आहे. आधीचे तिन्ही तक्रार क्रमांक खाली दिले आहेत.’ दोन तासांत तक्रार तांत्रिक विभागाकडे वर्ग झाल्याचे उत्तर आले, आणि या वेळी त्यात कॅशेचा उल्लेख नव्हता. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे कागदपत्रे दावा विभागाकडेही पाठवली असून पोच मिळाली आहे.