‘काय शेठ!’ तुम्हाला पहिल्यांदा कोणी म्हटलं?

परवा रत्नागिरी स्टँडबाहेर रिक्षावाला म्हणाला, ‘बसा शेठ!’ खिशात वडापावपुरते पैसे, तरी मान जरा ताठ झालीच.

मूळ शब्द संस्कृत ‘श्रेष्ठिन्’. प्राकृतात त्याचा ‘सेट्ठि’ झाला, पुढे शेठ. रायगडातल्या कुडा लेण्यांच्या शिलालेखांत दान देणारा ‘सेठि’ भेटतो. दक्षिणेतले शेट्टी-चेट्टी ह्याच घरचे. एके काळी व्यापाऱ्यांतल्या मोठ्या असामीला मिळणारा मान आता पानटपरीवर फुकट मिळतो. तुम्हाला कोणी, कधी, कशासाठी शेठ म्हटलं? लिहा.

सावंतवाडीकर
आजोबा सोनार. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढून ‘शेटानू’ अशी हाक मारायचं. लहानपणी मला ते आमचं आडनावच वाटे. पुढे दुकान बंद पडलं, काका एसटीत कंडक्टर लागला. बाजारच्या म्हाताऱ्या तिकीट काढतानाही म्हणायच्या, ‘शेटानू, कुडाळ एक!’ काका लाजायचा. पण एखादी नुसती ‘कंडक्टर’ म्हणाली, तर त्या दिवशी घरी गप्प गप्प असायचा.

दापोलीचा जावई
हर्णैला बायकोला ‘ये गो बाय’ आणि मला ‘घ्या शेठ’. त्या एका शब्दाचे पापलेटच्या वाट्यामागे शंभर रुपये जास्त. आता मी गाडीतच बसतो.

अलिबागची पोर
आमच्या कोळीवाड्यात शेठपेक्षा नाखवा मोठा. फारसी ‘नाखुदा’वरून आलाय, म्हणजे नावेचा धनी. शेठ काय, पैसा आला की होतो. बाबांनी होडी विकून बरीच वर्षं झाली, तरी बंदरावर ते नाखवाच. मुंबईत ऑफिसातली पोरं मला गमतीनं ‘काय नाखवा’ म्हणतात. घरी सांगितलं तर आई हसून लोळेल, मला साधं वल्हं धरता येत नाही.

गुहागर
शेठ म्हणणाऱ्याला उसने देऊ नयेत. दोनदा दिलेत.

चिपळूण, किराणावाला
22 जुलै 2021 च्या पुरात दुकान गेलं. पाणी ओसरल्यावर बनियनवर चिखल उपसत होतो, गुडघाभर. नेहमीचा हमाल आला. ‘शेठ, सरका. फावडं द्या इकडं.’ गल्ल्यात एक नोट कोरडी नव्हती, त्यालाही दिसत होतं. दोन दिवस राबला. गणपतीनंतर मजुरी दिली, ती मात्र त्यानं मोजून घेतली.