ब्रेक लावला की प्रोग्रॅमर बाटला?

तापीकाठ:
काल इथे एका साहेबांनी ठणकावलं, "फंक्शनल, म्हणजे लूपऐवजी यादीवर फंक्शनं चालवून, लिहायचं तर यादी पूर्ण फिरू द्या, शेवटी फिल्टर लावा. मधेच थांबावंसं वाटलं म्हणजे डिझाइन चुकलं." दोन लाख नोंदींत तिसरीवरच उत्तर सापडलं, तर उरलेल्या १,९९,९९७ कशाला चाळायच्या? सोवळं पाळायला? जावास्क्रिप्टमधले सम (some, बेरजेचं sum नव्हे), एव्हरी, फाइंड मधेच थांबतात आणि त्यासाठीच आहेत. हास्केल भाषेतली फोल्डआर (यादीतल्या गोष्टी एकेक जोडत एकच उत्तर काढणारं फंक्शन) तर अनंत यादीवरही थांबते.

अमळनेर_फास्ट:
ते साहेब मीच. फोल्डआर कधी थांबते तेही लिहा की. आत 'किंवा' असेल आणि डावी बाजू खरी निघाली, तर उजवी कोणी मागत नाही, म्हणून थांबते. तिथे बेरीज ठेवा, दोन्ही बाजू लागतील आणि अनंत यादी मेमरी खाऊन टाकेल. माझा राग आहे तो जावास्क्रिप्टच्या फोरईचमध्ये (प्रत्येक नोंदीवर कोड चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) थांबायला रिटर्न लिहिणाऱ्यांवर. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ईचमध्ये रिटर्न फॉल्सने थांबता यायचं, ती सवय सुटत नाही. फोरईचमध्ये रिटर्न म्हणजे फक्त कंटिन्यू, पुढच्या नोंदीवर जा. मग थांबत नाही म्हणून एक्सेप्शन, म्हणजे मुद्दाम एरर, फेकतात!

धुळ्याचा_फोल्ड:
एक्सेप्शन तर स्काला भाषाही फेकायची, गुपचूप. क्लोजरमधून (फंक्शनला दिलेल्या आतल्या फंक्शनमधून) रिटर्न केलं की आतून नॉनलोकलरिटर्नकंट्रोल नावाचं एक्सेप्शन उडायचं आणि वर कोणी कॅच थ्रोएबल, म्हणजे सगळी एक्सेप्शनं पकडणारं जाळं, लावून बसला असेल तर तो ते गिळायचा. म्हणून स्काला ३.२ मध्ये ते डेप्रिकेट झालं (यापुढे वापरू नका असं ठरलं), ३.३ मध्ये मधेच बाहेर पडायला बाउंडरी आलं. आणि जावास्क्रिप्टच्या रिड्यूसमध्ये (यादीचं एकच उत्तर करणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रत्येक नोंदीवर चालणाऱ्या कॉलबॅकच्या चौथ्या पॅरामीटरला, म्हणजे मूळ यादीलाच, स्प्लाइस मारून (उरलेला भाग कापून) थांबवणारे ते महाभाग! कॉलबॅक थांबतो खरा, पण आधी स्लाइसने प्रत काढली नाही तर मूळ ॲरेच कापली जाते.

रावेर_बाग:
काय सांगस भाऊ, इतकं कशाला? एलिक्झिर भाषेचं रिड्यूस_व्हाइल घ्या. कंट (cont, चालू ठेव) दिलं की पुढे, हॉल्ट दिलं की तिथेच. केळीचा ट्रक १०० क्विंटलचा, लॉट ३०, ४०, २०, २५, १०. बेरीज ३०, ७०, ९०. पुढचा लॉट धरला तर ११५, म्हणून ९० वर हॉल्ट. तपासणी बेरजेच्या आधी करा, नाहीतर हॉल्टसोबत ११५ परत जातील.

अमळनेर_फास्ट:
आणि शेवटचा १० चा लॉट बांधावर सडू द्यायचा? २५ वगळा, १० घ्या, ट्रक बरोबर १०० वर भरतो. म्हणजे इथे थांबायचंच नव्हतं, वगळायचं होतं! हेच म्हणत होतो मी. ब्रेकची घाई झाली की प्रश्नच चुकीचा वाचला जातो.

तापीकाठ:
वा! म्हणजे यादी पूर्ण फिरवायला आता केळी कामाला लागली. लॉट क्रमानेच भरायचे असतील तर? मागचा शेतकरी पुढे घुसवला तर बाचाबाची तुम्ही मिटवणार का?

धुळ्याचा_फोल्ड:
क्रम असेल तर थांबणं, नसेल तर वगळणं. यात भांडण्यासारखं काय आहे? नुसत्या लॉटवर टेकव्हाइल (अट खरी आहे तोवरच नोंदी घेणारं फंक्शन) चालणार नाही एवढं ध्यानात ठेवा. त्याला मागची बेरीज दिसत नाही. आधी स्कॅनने चालती बेरीज काढा. जावाच्या स्ट्रीममध्ये मधे सॉर्टेड (क्रम लावणं) घुसवलं तर पहिली नोंद देणाऱ्या फाइंडफर्स्टच्या आधी अख्खी यादी ओढली जाते, मग मागितलं तेवढंच काढणाऱ्या आळशी स्ट्रीमचं कौतुक सांगू नका.

रावेर_बाग:
क्रमाचं राहू द्या. १०० क्विंटलमध्ये घडाचा दांडा धरला का? वजनकाट्यावर ट्रकला तो जड, पैसे देताना व्यापाऱ्याला हलका!

अमळनेर_फास्ट:
झालं, निघाले दांड्यावर.

तापीकाठ:
नाही, मुद्दा बरोबर आहे. अक्युम्युलेटरमध्ये (रिड्यूस पुढे नेत असलेल्या बेरजेत) दोन आकडे लागतील: थांबायचं दांड्यासकट वजनावर, हिशोब दांडा वजा करून. मॅपमध्येच (प्रत्येक लॉट बदलून देणाऱ्या पायरीत) दांडा वजा केलात तर पुढच्या रिड्यूसला खरं वजन कळणारच नाही आणि ट्रक १०० च्या वर जाईल.

अमळनेर_फास्ट:
बरं, रिड्यूस_व्हाइल चालेल. फोरईचमधलं रिटर्न मात्र माझ्या रिव्ह्यूमधून पास होणार नाही.

रावेर_बाग:
उपकार झाले साहेब. दांडा कोणाच्या खात्यावर टाकू?