अफगाण स्त्रियांच्या लढ्यावरचे माहितीपट सुचवा

ओसरी: नमस्कार मंडळी. आमच्या पुण्यातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो, मग चहा आणि गप्पा. येत्या वेळी अफगाण स्त्रियांवरचा माहितीपट दाखवायचाय. प्रेक्षक म्हणजे निवृत्त शिक्षिका, गृहिणी, थोड्या कॉलेजच्या मुली. दीड तासाच्या आसपास बसणारं हवं. निळ्या बुरख्यांची रांग, मागे करुण संगीत आणि ‘बिचाऱ्या गं’ म्हणत सगळ्या घरी, असलं नको. भांडणाऱ्या बायका हव्यात.

चिवट_चाफा: ‘ब्रेड अँड रोझेस’. डोळे मिटून घ्या. दिग्दर्शिका सहरा मानी स्वतः अफगाण. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, त्यानंतर तिथल्या बायकांनी मोबाइलवर जे टिपलं त्यावर सिनेमा उभा आहे. झहरा नावाची दंतवैद्य आहे, तिचा दवाखानाच निदर्शनं करणाऱ्यांचा अड्डा होतो. दुसरीची सरकारी नोकरी गेलीय, ती घरात कोंडलेली. तिसरी पाकिस्तानात आसरा घेते. रस्त्यावर ‘नान, कार, आझादी’च्या घोषणा चालू असतात आणि चित्र मध्येच भेलकांडतं, कारण मोबाइल धरणारीच पळत असते. ॲपल टीव्हीवर आलाय.

तिरकस_पुणेकर: निर्माती हॉलिवूडची जेनिफर लॉरेन्स. एवढं मोठं नाव लागल्याशिवाय काबूलच्या बाईकडे कोण बघतंय! असो, सिनेमा चांगला आहे.
गप्पा रंगायला हव्या असतील तर मात्र ‘सोनिता’ (२०१५). इराणमध्ये निर्वासित म्हणून राहणारी अफगाण मुलगी, रॅप गाणारी. घरचे पैसे घेऊन तिचं लग्न लावायला निघालेत. ही नवरीच्या वेशात, कपाळावर बारकोड काढून गाण्याचा व्हिडिओ करते. तो एक प्रसंग बघाच. आणि लग्न लांबावं म्हणून दिग्दर्शिका स्वतःच त्या मुलीच्या आईला २००० डॉलर देते! माहितीपटवाल्याने असं करावं का, यावर तुमच्या शिक्षिका तासभर भांडतील.

चिवट_चाफा: @तिरकस, द्यावेत की! समोर पोर विकली जातेय आणि ही तटस्थ राहून कॅमेरा धरणार?

खिडकी: मोबाइल आत्ता आले हो. १९९९ मध्ये काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये झरमीना नावाच्या बाईला तालिबानने जाहीरपणे गोळी घातली, तेव्हा ‘रावा’ या अफगाण स्त्रियांच्या संघटनेतल्या बायकांनी बुरख्याआड कॅमेरा लपवून ते टिपलं होतं. सायरा शाहच्या ‘बिनीथ द वेल’ (Beneath the Veil, म्हणजे बुरख्याआड) या माहितीपटात (२००१) ते आहे. हा बुरखा चालेल ना, ओसरीताई? वाचनालयात दाखवू नका मात्र, बघवत नाही. एकट्याने बघा.

रीळवाला: दोन कोरड्या गोष्टी. घरचं सबस्क्रिप्शन म्हणजे सार्वजनिक खेळाची परवानगी नव्हे. वितरकाला आधी मेल टाका. नेटफ्लिक्सच्या काही माहितीपटांना शैक्षणिक खेळासाठी मुभा असते, ती त्या सिनेमाच्या पानावर लिहिलेली असते. तिकीट लावायचं नाही. दुसरं म्हणजे क्लिपा काढून व्हॉट्सॲपवर फिरवू देऊ नका. तिकडे चेहरा ओळखला जाणं म्हणजे थेट जिवाशी गाठ.

ओसरी: सगळ्यांचे आभार. ‘ब्रेड अँड रोझेस’ नक्की करतेय, परवानगीच्या मागे लागते. ती अडली तर काय? आणि इंग्रजी सबटायटल्सचं काय करू? निम्म्या जणींची वाचताना दमछाक होते.

चिवट_चाफा: सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत कोण कोण आहे ते सांगा. सोबत एवढंच: सहावीनंतर मुलींची शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. मास्तरीणबाईंना पुढचं काही समजवावं लागणार नाही. परवानगी अडलीच तर काबूलच्या स्केटबोर्ड शाळेवरचा लघुपट बघा, २०२० चा ऑस्कर मिळालेला. चाळीसेक मिनिटांचा आहे, मुली खट्याळ आहेत. अर्थात परवानगी त्यालाही लागेलच.

पर्वती_पायथा: पुण्यात अफगाण विद्यार्थी शिकायला येत आलेत. एखादीला बोलायला बोलवा की!

रीळवाला: विचारायला हरकत नाही, पण आग्रह नको. आली तर पत्रिकेत नाव छापू नका, फोटो काढू नका, फेसबुक लाइव्ह तर अजिबात नको. घरचे अजून तिकडे असू शकतात.

ओसरी: बरोबर. नुसती प्रेक्षक म्हणून यायचं असेल तरी येऊ दे म्हणावं. @पर्वती, ओळखीची कोणी असेल तर आधी तिला विचारा, मग मला व्यनि (खासगी निरोप) करा.